फेब्रुवारीत आइसलँड, आईबाबा आणि लेकीसोबत. गाडी स्वतः चालवावी का?

कोथरूडकर_भटक्या:
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आइसलँडला जायचं ठरतंय, मी, बायको, आठ वर्षांची लेक आणि आईबाबा (बाबा 68, आईच्या गुडघ्याचा त्रास आहे). सात दिवस आहेत. रिंग रोड, म्हणजे देशाला पूर्ण फेरी मारणारा रस्ता, पूर्ण करायचा विचार आहे, म्हणजे 1300 किलोमीटरच्या वर होतं, पण रोज दोनशे पडतात, तेवढं तर आपण पुणे-कोल्हापूर एका दमात जातो. हिमालयात गाडी चालवलीय, बर्फात मात्र फार नाही. बाबा रोज ज्वालामुखीच्या बातम्या पाठवतायत, तो भाग खरंच धोक्याचा आहे का? आणि आईबाबा शाकाहारी आहेत, त्यांचं कसं होईल? प्लीज खरं काय ते सांगा, तिकिटं अजून काढलेली नाहीत.

रेक्याविक_वासी:
मी इथे सहा वर्षं राहतोय त्यामुळे आधीच स्पष्ट सांगतो, फेब्रुवारीत सात दिवसांत रिंग रोड नको. अंतराचा हिशोब इथे चालतच नाही, वाऱ्याचा चालतो. पूर्वेचे आणि उत्तरेचे घाट हिवाळ्यात कधी सकाळी बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी उघडतात, मग तुमचं पुढचं बुकिंग एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे, आणि विमान चुकू नये म्हणून माणूस नको त्या हवेत गाडी काढतो. गडबड तिथेच होते.

वेदुर डॉट इस वर हवामान बघाल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा, वाऱ्याचा आकडा मीटर पर सेकंदमध्ये असतो. आपल्या लोकांना 20 दिसलं की वाटतं 20 किलोमीटर, झुळूक आहे, पण त्याला 3.6 ने गुणायचं, म्हणजे ताशी 72 झाले, आणि झोत त्याहून मोठे येतात. नवख्याने 15 च्या वर गाडी काढूच नये असं माझं मत. रस्ते उमफेर्दिन डॉट इस वर दिसतात, बंद म्हणजे बंद, पुढे जाऊन बघू हा प्रकार करायचा नाही. सेफट्रॅव्हल या साइटवर तुमचा प्लॅन नोंदवून ठेवा, 112 चं, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरचं, अॅप फोनमध्ये घ्या.

अडकलात तर सोडवायला येणारी माणसं स्वयंसेवक असतात हो. कोणी सुतार, कोणी शिक्षक, रात्री दोन वाजता कामधाम असलेली माणसं वादळात निघतात आणि एक पैसा घेत नाहीत, न्यू इयरला फटाके विकून संस्थेचा पैसा उभा करतात. म्हणून मला बेफिकीर टुरिस्ट बघितले की फार वाईट वाटतं.

बाबांना सांगा, ज्वालामुखीचा प्रकार रेक्यानेस भागात आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये ग्रिन्दाविक गाव रिकामं केलं आणि त्या डिसेंबरपासून तिथे भेगेतून लाव्हा बरेचदा आलाय. केफ्लाविक विमानतळ जवळ असूनही विमानं चालू राहिली कारण 2010 सारखी विमानं थांबवणारी राखेची भानगड नव्हती, तेव्हाचा उद्रेक हिमनदीखालून झाला होता म्हणून राख उडाली. त्याच भागातला ब्लू लगून हा गरम पाण्याचा तलाव मात्र कधीकधी बंद करतात, त्याचं बुकिंग परत मिळेल असं घ्या.

दोनदा_जाऊन_आलेली:
आम्ही मागच्या फेब्रुवारीत गेलो होतो, दोन गोष्टी पोटतिडकीने सांगते.

एक गाडीचं दार. दुसऱ्याच दिवशी एका धबधब्यापाशी मुलाने नेहमीसारखं दार उघडलं आणि वाऱ्याने ते असं उलटं फिरवलं की बिजागरीच वाकली, परत बंदच होईना. वाऱ्याने झालेलं नुकसान नेहमीच्या इन्शुरन्समध्ये धरत नाहीत, पैसे आमच्याच खिशातून गेले. तेव्हापासून गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, एका वेळी एकच दार, दोन्ही हातांनी धरून, आणि मुलांनी स्वतः उघडायचं नाही हा नियम केला. लेकीला पहिल्याच दिवशी समजावून ठेवा.

दुसरी रेनिसफ्यारा, तो काळ्या वाळूचा किनारा. फोटोत शांत दिसतो, आणि तसाच दिसत असताना एक लाट मधेच आधीच्यांपेक्षा कितीतरी वर येते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, पाणी एवढं गार की पोहता येणाऱ्यालाही उपयोग नाही. तिथे बऱ्याच जणांचा जीव गेलाय, 2025 च्या ऑगस्टमध्ये एक लहान मुलगी गेली. दिवा लावलाय तिथे, लाल असेल तर वरूनच बघायचं. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही म्हणजे नाही, आणि लेकीचा हात सोडायचा नाही. आपण गणपतीपुळ्याला पाय भिजवतो ती सवय इथे घरी ठेवायची.

कोथरूडकर_भटक्या:
बापरे, दाराचं कोणी सांगितलंच नव्हतं. मग रिंग रोड रद्द. राजधानी रेक्याविक आणि दक्षिण किनारा एवढंच केलं तर? आणि गाडी घ्यावी की बसच्या टूर?

रेक्याविक_वासी:
हे उत्तम. चार रात्री रेक्याविक, दोन रात्री दक्षिण किनाऱ्यावरचं वीक गाव. रेक्याविक ते वीक 187 किलोमीटर, कोरडा रस्ता असेल तर अडीच तास, बर्फ असेल तर कितीही. पाच जण आहात तर माझा सल्ला, गोल्डन सर्कल (रेक्याविकहून एका दिवसात होणारी प्रसिद्ध ठिकाणांची फेरी) आणि नॉर्दर्न लाइट्स टूर बसने करा, तिथला ड्रायव्हर रोज तेच करतो. गाडी घेतलीच तर फोर बाय फोर, आणि वादळ आलं तर वीकमध्ये एक दिवस बसून काढायची तयारी हवी, म्हणून शेवटचा दिवस रेक्याविकमध्ये मोकळाच ठेवा. एकेरी पुलांवर जो आधी पोचला तो आधी, पण लांबूनच वेग कमी करा. 2018 च्या डिसेंबरात अशाच एका एकेरी पुलावरून भारतीय वंशाच्या एका ब्रिटिश कुटुंबाची गाडी खाली कोसळली होती, तिघं गेले. ते डोक्यातून जात नाही माझ्या.

डबेवाली_आजी:
खाण्याचं मी सांगते, लेकीकडे तिथे दोन महिने राहून आले. किचन असलेलं घर घ्या, बाहेर जेवण फार महाग. बोनस आणि क्रोनान ही स्वस्त दुकानं, डाळी तांदूळ भाजी सगळं मिळतं. तिथलं स्कीर म्हणजे आपला चक्काच समजा, भाताबरोबर छान लागतं, आईबाबांना नक्की आवडेल. पण तूप, पनीर, खव्याची मिठाई इथून नेऊ नका, युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस न्यायला बंदी आहे. मेतकूट, भाजणी, लोणचं न्या. नळाचं गार पाणी बिनधास्त प्या, विकत घेऊ नका, गरम पाण्याला मात्र गंधकाचा वास येतो, ते पिण्यासाठी नाही, आंघोळीला हरकत नाही.

आईच्या गुडघ्यांसाठी बुटांना लावायचे काटे घ्याच. फुटपाथवर काचेसारखा बर्फ असतो, मी पहिल्याच आठवड्यात घसरले आणि मनगटाला प्लॅस्टर घेऊन बसले, मग बाकीचा वेळ खिडकीतूनच बघितलं सगळं. गरम पाण्याचे तलाव खूप सुख देतात गुडघ्यांना, पण आत जाण्याआधी कपडे काढून साबणाने आंघोळ करावी लागते, आईंना आधी सांगून ठेवा म्हणजे तिथे अवघडायला नको. काही ठिकाणी पडद्याचा आडोसा असतो, काउंटरवर विचारायचं.

कोथरूडकर_भटक्या:
आजी, आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली काटे आजच मागव. वीकला दोन रात्री, मधे एक दिवस रिकामा, गोल्डन सर्कल बसने असं आता लिहून काढलंय. व्हिसाचा इन्शुरन्स 30,000 युरोचा लागतो तो घेतोय, पण आईबाबांसाठी जास्त रकमेचा बघतो. गाडी घ्यायची की नाही ते वीकला जायच्या आदल्या रात्री वाऱ्याचा आकडा बघून ठरवतो, बसचं बुकिंग रद्द करता येईल असंच घेतोय.