मदत हवी आहे : मातीतलं डीडीटी हवेत जातंय की हवेतून मातीत येतंय, हे कसं मोजावं?

मंडळी, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जळगावकडच्या कापसाच्या शेतात काम करतोय. शेतीत डीडीटी या कीटकनाशकावर १९८९ साली बंदी आली, तशाच बीएचसीवर १९९७ साली. तरी जुन्या फवारणीचे अवशेष काळ्या मातीत राहिलेले असू शकतात, आणि माती तापली की ते वाफ होऊन वर येतात. मला नेमकी दिशा ठरवायची आहे.

सध्या वरच्या थरातली माती घेतो आणि हवेसाठी दीड मीटरवर पॉलियुरेथेन फोमची चकती टांगली आहे. दोन्हींची फ्युगॅसिटी (म्हणजे रसायनाची तिथून निसटण्याची ओढ) काढून त्यात मातीचा वाटा किती ते बघतो : ०.५ म्हणजे समतोल, त्याच्या बराच वर गेला तर माती सोडतेय. पण मातीची फ्युगॅसिटी सेंद्रिय कर्बावरून गणितानेच काढावी लागते आणि इथे कर्ब एक टक्क्याच्याही खाली. त्यात पऱ्हाट्या जाळलेल्या, म्हणजे काजळीही रसायन धरून ठेवणार. या आकड्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

म्हणून जमिनीलगत, उलट्या स्टीलच्या परातीखाली, मातीतून येणारी वाफ शोषायला पॉलिथिलीनची पट्टी ठेवायचा विचार आहे. पण दुपारी परात तापली की खालच्या मातीचं तापमानही बदलणार. शिवाय मे महिन्यातल्या भेगांमधून खोलवरची हवा वर येते, ती वेगळीच!

कोणी असं केलंय का? परात किती उंचीवर, पट्टी किती आठवडे, आणि भेगा टाळल्यात की मुद्दाम घेतल्यात? ड्यूटेरियमवाली (जड हायड्रोजनची) संदर्भ-रसायनं आधी पट्टीत भरून शेवटी किती उरली ते बघतात, पण ती परवडत नाहीत; त्यांच्याशिवाय पट्टी समतोलाला पोचली हे कसं ओळखायचं?