प्रति: झुरिक की स्टुटगार्ट?
वास्तुकलेतलं डिजिटल फॅब्रिकेशन (संगणकी आराखड्यावरून यंत्राने भाग बनवणं) शिकायला झुरिकला जावं की स्टुटगार्टला, असं विचारलंत. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाचा एमएएस हा पदव्युत्तर अभ्यासक्रम १ वर्षाचा, स्टुटगार्ट विद्यापीठाचा आयटेक एम.एससी. २ वर्षांचा, निवड तिथूनच सुरू होते. पण अर्जाच्या पोर्टफोलिओत नुसते ग्रासहॉपर या डिझाइन सॉफ्टवेअरचे रेंडर (संगणकी चित्रं) भरू नका, एक तरी लाकडी जोड सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापयंत्रावर) कापून दाखवा. ६ मिमी व्यासाच्या बिटाने (यंत्राच्या फिरत्या पात्याने) खाचेचा आतला कोपरा ३ मिमी त्रिज्येने गोल राहतो, चौकोनी कुसू (खाचेत बसवायचं टोक) आत बसत नाही. म्हणून बिट कोपऱ्यापलीकडे जरा नेऊन 'डॉगबोन' (कोपऱ्यातली जादा गोल खाच) काढा. शिवाय १८ मिमीचा म्हणून मिळणारा प्लाय क्वचितच नेमका १८ भरतो (दुकानदार काहीही म्हणो). व्हर्निअरने चारपाच ठिकाणी मोजा, ग्रासहॉपरमध्ये जाडीला स्लायडर (सरकवून बदलता येणारा आकडा) द्या, ०.२ मिमी ढील ठेवून आधी रद्दी तुकड्यावर कापून बघा. पावसाळ्यात प्लाय फुगतो, कालचं माप आज चालेलच असं नाही.