चित्र, कीर्तन आणि उपासना

चर्चच्या उपासनेत कलेला जागा असावी का, या चर्चेत ‘नाटकं-चित्रं आली की उपासनेचा करमणुकीचा कार्यक्रम होतो’ असं एकांनी लिहिलंय. भीती अगदीच खोटी नाही. नाताळच्या नाटुकल्यात मेंढपाळांपेक्षा मोबाइल धरलेले पालकच जास्त दिसतात! पण आपल्याकडे, मराठी-कोकणी ख्रिस्ती लोकांत, कला ही मागाहून चिकटवलेली गोष्ट नाही. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण हे येशूची कथा सांगणारं मराठी काव्य ओव्यांत रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. ऐकणाऱ्यांच्या कानांना पुराणाची सवय होती, म्हणून ओवी. कवी ना. वा. टिळकांनीही बाप्तिस्म्यानंतर (१८९५) अभंगाची वाट धरली. त्याआधी परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीतंच जास्त चालायची.

अँजेलो दा फोन्सेका यांचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. हा गोव्याचा चित्रकार शांतिनिकेतनात शिकला आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. त्यांनी चित्रांत मरियेला, म्हणजे येशूच्या आईला, साडी नेसवली. गोव्यातल्या बऱ्याच भाविकांना ते अजिबात रुचलं नाही, टीका झाली. म्हणजे चित्राने लोकांना अस्वस्थ केलं, ‘मरिया आपल्यातली का नको?’ हा प्रश्न विचारायला लावला. करमणुकीने एवढं होत नाही.

माझं मत एवढंच की गायकवृंद गातो आणि बाकीचे ऐकतात, यापेक्षा भजन बरं. एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी उचलायची. बेसूर माणूसही त्यात खपून जातो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतले प्रसंग, विकतच्या तसबिरींऐवजी चौदा घरांत वाटून काढायला द्या. आजी-नातवंडं एका कागदाभोवती बसतील, आणि त्या स्थानाचा उतारा आधी वाचावाच लागेल.