मदत हवी आहे: रीमेकला पूर्ण किंमत द्यावी का? आजच ठरवायचंय

सांजवारा: जुना गेम तीनदा संपवलाय. रीमेकची, म्हणजे तोच गेम नव्याने बनवलाय त्याची, किंमत नव्या गेमइतकीच. घेऊ का? उद्यापासून दोन दिवस सुट्टी आहे, डाउनलोड आज लावावं लागेल. "थांबा" एवढंच सांगू नका, प्लीज.

खडूफळा: कोणता गेम? पीसी की कन्सोल?

रानपाखरू: नाव कशाला हवं? 'द लास्ट ऑफ अस' आठवा. मूळ २०१३ चा, २०१४ ला रीमास्टर (तोच गेम, फक्त चित्रं सुधारलेली), २०२२ ला रीमेक, पुन्हा पूर्ण किंमत, आणि मल्टिप्लेअर (इतरांसोबत ऑनलाइन खेळायचा भाग) गायब. कथा, पात्रं यांचे पैसे आपण एकदा मोजलेत.

उत्तररात्र: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. 'रेसिडेंट एव्हिल २' मध्ये १९९८ ला कॅमेरा जागेवर खिळलेला होता. २०१९ ला तो खांद्यामागे आला आणि नेम धरणं, पळणं, घाबरणं, सगळंच बदललं. ही मेहनत नव्या गेमइतकीच आहे.

रानपाखरू: मग त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागाचा २०२० चा रीमेक? त्यात घड्याळाच्या मनोऱ्याचा अख्खा टप्पाच कापला. किंमत मात्र नाही कापली.

सांजवारा: अहो, माझं काय? 'रेसिडेंट एव्हिल ४', पीसी.

चांदणझूल: मूळ गेम पीसीवर असेल तर चाहत्यांचा एचडी प्रोजेक्ट टाका, जुन्या गेमची चित्रं स्पष्ट करणारा. आठ वर्षं खपून त्यांनी २०२२ ला पूर्ण केला, फुकट आहे.

सांजवारा: पीसीवर नाही, प्लेस्टेशन २ वर खेळलो होतो. आणि मी रीमेकचं विचारतोय.

उत्तररात्र: मग नक्की घ्या. पूर्वी नेम धरला की आपला नायक लिऑन जागीच थांबायचा, आता चालता चालता गोळी झाडतो. करवतीचा वारसुद्धा सुरीने अडवता येतो. तुम्हाला लढाया नव्याने शिकाव्या लागतील, तीनदा संपवलेला असला तरी.

खडूफळा: पण एक लक्षात घ्या. प्लेस्टेशन २ वर 'सेपरेट वेज', म्हणजे एडा या पात्राची जोडकथा, गेमसोबतच मिळायचं. रीमेकच्या साध्या आवृत्तीसोबत ते वेगळं विकत घ्यावं लागतं. 'मर्सिनरीज' (वेळेत जास्तीत जास्त शत्रू मारायचा जोडखेळ) मात्र फुकट अपडेटमध्ये आलं. ग्राफिक्स कार्ड कोणतं?

सांजवारा: १०५० टीआय, ४ जीबी. एडाचा भाग वेगळा? तो तर मला गेमचाच वाटायचा.

रानपाखरू: हेच सांगत होतो.

खडूफळा: कार्ड गेमच्या किमान अटीत जेमतेम बसतंय, ग्राफिक्सची सेटिंग्ज खाली आणावी लागतील. फुकट डेमो आहे, सुरुवातीच्या गावाचा. पैसे भरण्याआधी तो चालवा.

सांजवारा: डेमो लावला. गावातली गर्दी अंगावर आल्यावर गेम अडखळला नाही, तर आज रात्रीच घेतो. एडाचं नंतर बघू.