पुन्हा रंगवणे हा उपाय नव्हे
कोणी रंग फवारून विद्रूप केलेले भित्तिचित्र साफ करण्यापेक्षा सरळ पुन्हा रंगवून घ्यावे, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. फवारलेला रंग विरघळवून काढणारे द्रावक बहुधा खालचा, मूळ चित्राच्या ॲक्रिलिक रंगाचा थरही सैल करते आणि मूळ रेषा पुसण्याच्या बोळ्याबरोबर निघून येतात, हे खरेच आहे. तरीही मेक्सिकन चित्रकार सिकेरॉस यांचे लॉस एंजेलिसमधील १९३२ चे 'आमेरिका त्रॉपिकाल' हे भित्तिचित्र आठवावे. क्रूसावरील मूलनिवासी माणूस आणि त्याच्या माथ्यावर गरुड दाखवणारे हे चित्र काही वर्षांतच पांढऱ्या रंगाखाली गेले. २०१२ मध्ये ते पुन्हा लोकांसमोर आले, तेव्हा संवर्धकांनी हरवलेले रंग नव्याने भरले नाहीत, आणि तेच योग्य झाले. नव्या चित्रांना मात्र काढून बदलता येणारा संरक्षक लेप सुरुवातीलाच द्यायला हवा.