मदत हवी आहे: रोज एसटीतून न्यायला हलका लॅपटॉप, फक्त लिनक्ससाठी (कोल्हापूर, ३५ हजारांपर्यंत)

भूगोलवाली_गारगोटी

नमस्कार मंडळी. गारगोटीहून शिवाजी विद्यापीठात रोजचं जाणं-येणं आहे, भूगोलात पीएचडी चालू आहे. घरच्या डेस्कटॉपवर मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीचा एक प्रकार) आहे आणि त्यावर माझं सगळं भागतं, त्यामुळे विंडोज ठेवायचंच नाही. सध्या भावाचा जुना १५.६ इंची घेऊन फिरते. चार्जरसकट तीन किलोच्या आसपास भरतो. एसटीत उभं राहायची पाळी आली की खांदा गेलाच म्हणून समजा.

काम असं: पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुराचे नकाशे. पुराच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, साध्या उपग्रह प्रतिमांत नुसते ढग दिसतात, म्हणून सेंटिनेल-१ उपग्रहाच्या, ढगांतूनही दिसणाऱ्या रडार प्रतिमा वापरते. त्यासाठी स्नॅप (रडार प्रतिमांवर प्रक्रिया करणारं) आणि क्यूजीआयएस (नकाशे बनवणारं) ही सॉफ्टवेअर. शिवाय लिब्रेऑफिसात मराठी प्रबंध, संदर्भ सांभाळायला झोटेरो, आणि ब्राउझरमध्ये टॅबांची जत्रा.

राजारामपुरीत एका दुकानात कंपन्यांतून आलेला माल बघितला. डेल लॅटिट्यूड ७४९० तेवीस हजार, थिंकपॅड एक्स२८० एकवीस हजार. दोन्ही आय५ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. एक्स२८० हातात घेतला तर वहीसारखा वाटला, मन तिकडेच आहे. तिसरा पर्याय म्हणजे दुसऱ्या दुकानात पस्तिसात नवा कोरा, १४ इंची, ८ जीबी. तिथला मुलगा म्हणाला, "लिनक्स टाकलं की वॉरंटी गेली." हे खरं का? तिन्हीतलं काय घेऊ?

रंकाळा_टर्मिनल

ताई, एक्स२८० चं वजन बघून भुलू नका. त्याची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ८ चा घेतला की जन्मभर ८. तुमचं स्नॅप एका रडार प्रतिमेवर बसलं की ८ जीबी चाटून पुसून खाईल, मग मागे ब्राउझर उघडा ठेवून दाखवा. लॅटिट्यूड ७४९० ला रॅमचे दोन स्लॉट आहेत, साधी डीडीआर४. वजन १.४ किलोपासून, म्हणजे एक्स२८० पेक्षा पाव किलो जास्त. ते मी सोसेन, रॅमची टंचाई सोसणार नाही. अगदीच हलका हवा असेल तर टी४८०एस शोधा. त्यात थोडी रॅम बोर्डावर असली तरी एक स्लॉट मोकळा मिळतो.

आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. सातवीपर्यंत या पातळ लॅपटॉपांतल्या आय५ ला २ कोर होते, आठवीपासून ४ झाले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या पिढ्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे सहावी-सातवीचा माल स्वस्तात गळ्यात मारतात. ब्राउझिंगला ठीक आहे, तुमच्या कामाला नाही.

वॉरंटीचं म्हणाल तर त्या पोराला "हे वॉरंटी कार्डावर कुठं छापलंय ते दाखव" म्हणा. माझा आक्षेप वेगळाच आहे. त्या किमतीच्या नव्या मालात वायफायची चिप कुठली निघेल हे डब्यावर लिहिलेलं नसतं. इंटेलची निघाली तर काही करावं लागत नाही, इतर काही चिपांना कर्नल (लिनक्सचा गाभा) बराच नवा लागतो.

दुरुस्तीवाला_इचल

वर सांगितलंय ते बरोबर. पण मॉडेल चांगलं म्हणजे तुमच्या हातात येणारा नग चांगला असं नसतं. पैसे देण्याआधी मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच मिंट चालतं) घेऊन दुकानात जा. डेलला एफ१२ दाबून बूट करता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर खुशाल बाहेर पडा.

सगळ्यात आधी एफ२ दाबून बायोस (यंत्राची मूळ सेटिंग) उघडा. पासवर्ड मागितला तर यंत्र परत ठेवा. कंपनीच्या आयटीवाल्यांनी घातलेला पासवर्ड निघता निघत नाही, आणि तो माहीत नसेल तर पुढचं सेटिंग काहीच करता येणार नाही. लाइव्ह चालू झाल्यावर "पॉवर स्टॅटिस्टिक्स" उघडून बॅटरीचे दोन आकडे बघा: मूळ क्षमता किती आणि आता पूर्ण भरल्यावर किती. दुकानदार "तीन तास जातंय" म्हणेल, ते या कानाने ऐका आणि त्या कानाने सोडा. मग झाकण मिटा, चहा पिऊन या, उघडा. वायफाय आपोआप जोडलं गेलं पाहिजे. पडदा १९२० बाय १०८० आहे का बघा. याच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ वालाही येतो, त्यावर नकाशा बघणं म्हणजे शिक्षा. टाइप-सी पोर्टातून चार्ज होतोय का तेही तपासा, पोर्ट सैल झालेले लई नग बघितलेत.

भूगोलवाली_गारगोटी

जाऊन आले, लॅटिट्यूड ७४९० तपासला. दुकानदार आधी कुरकुरला, मग स्वतःच शेजारी येऊन बघत बसला. बायोस उघडा आहे. पडदा १०८० चा. वायफाय इंटेलचं. झाकणाची परीक्षा पास. टाइप-सीनेही चार्ज होतो. बॅटरी मूळ ६० वॅट-तास, आता ४१ दाखवते. एकच अडचण: इन्स्टॉलर उघडून बघितला तर त्याला आतली एसएसडीच दिसेना. खराब आहे का?

दुरुस्तीवाला_इचल

एसएसडी चांगली असणार. बायोसमध्ये साटाचा (डिस्क जोडणीचा) पर्याय "रेड ऑन" वर असेल, डेल तसाच पाठवते. तो "एएचसीआय" करा, लगेच दिसेल. आतलं विंडोज त्यानंतर चालू होणार नाही, पण तुम्हाला ते नकोच आहे.

बॅटरी ४१ म्हणजे तीस टक्क्यांहून जास्त झिजलेली. एवढ्यावर नकार देऊ नका, पण त्याच आकड्यावर भाव करा. दोन हजार तरी सुटले पाहिजेत.

रंकाळा_टर्मिनल

घ्या मग. मिंट २२ टाका, उबुंटू २४.०४ वर आधारलेलं आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करायचा (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असा) पर्याय निवडा. रोजची एसटी आणि स्टँडवरची गर्दी, उद्या बॅग गेली तर निदान प्रबंध दुसऱ्याच्या हातात पडणार नाही. (बॅकअप वेगळा ठेवा, एन्क्रिप्शन म्हणजे बॅकअप नव्हे.) बॅटरीची चार्जिंग मर्यादा डेलच्या बायोसमध्येच कस्टममध्ये ८० टक्क्यांवर लावता येते. बायोसचे अपडेटही लिनक्समधूनच एफडब्ल्यूयूपीडी नावाच्या साधनाने येतात, त्यासाठी विंडोज लागत नाही. क्यूजीआयएस मात्र मिंटच्या भांडारातून (सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) नको, जुनं असतं. त्यांच्या स्वतःच्या भांडारातून दीर्घ आधाराची आवृत्ती घ्या.

प्रूफवाचक_शाहूपुरी

मराठीचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. इन्स्क्रिप्ट (मराठीची प्रमाण कळमांडणी) येत असेल तर आयबससारखी टायपिंगची वेगळी साधनं बसवू नका, कीबोर्ड सेटिंगमध्ये थेट मराठीचा लेआउट जोडा. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" लिहिताना शिफ्ट-जे वरचा ऱ घ्या, मग हलंत, मग य. साधा र घेतला तर रफार डोक्यावर चढून "दुसर्या" होतं, आणि प्रबंधभर तेच दुरुस्त करत बसावं लागतं. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत भाषेखाली कॉम्प्लेक्स टेक्स्ट (देवनागरीसारख्या लिप्यांचा पर्याय) चालू करून तिथे मराठी निवडा. देवनागरीचा फाँट इंग्रजी फाँटपासून वेगळा ठरवावा लागतो, लोक हे विसरतात आणि मग लिनक्सला शिव्या देतात.

गाइड सरांकडून जुन्या फाँटांतल्या फायली येत असतील तर त्या उघडल्यावर कचरा दिसेल. तो फाँट बसवला की वाचता येतं, पण त्यात पुढे लिहू नका. आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या आजच्या पद्धतीत) बदलून घ्या.

भूगोलवाली_गारगोटी

एएचसीआय केल्यावर एसएसडी दिसली. साडेवीसला ठरलं. इन्स्क्रिप्ट येतं मला, ऱ ची भानगड मात्र नवीन कळली. सर अजून जुन्याच फाँटमध्ये फायली पाठवतात, त्यांना सांगायची हिंमत नाही, बदलून घेईन गुपचूप. आत ८ ची एकच पट्टी आहे आणि एक स्लॉट मोकळा. रॅमचे भाव सध्या चढलेत, तर आणखी ८ टाकून १६ करू की थांबू?

रंकाळा_टर्मिनल

थांबू नका. स्नॅप आहे म्हटल्यावर १६ लागणारच, आणि दोन पट्ट्या झाल्या की ग्राफिक्सही थोडं सुधारतं. त्याच दुकानात जुनी काढलेली ८ ची पट्टी मागा, डीडीआर४ २४००, लॅपटॉपची. बसवून झाल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) एकदा पूर्ण फिरू द्या आणि मगच पैसे द्या.