उलट भाषांतर जुळलं, म्हणजे मोजपट्टी तयार झाली?

‘प्रश्नावली तुर्कीत उतरवायची, दुसऱ्याकडून परत इंग्रजीत आणायची, जुळली की झालं’ हे म्हणणं मला अर्धवट वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉटर यांची १९६६ सालची नियंत्रण-केंद्राची प्रश्नावली घ्या. आयुष्यात जे घडतं त्याची दोरी माणूस स्वतःकडे (‘आंतरिक’) मानतो की बाहेर (‘बाह्य’), हे ती मोजते. २९ जोड्या, त्यातल्या ६ नुसत्या भरतीच्या, आणि प्रत्येक जोडीतलं एकच वाक्य निवडायची सक्ती. एका बाजूला ‘माझ्या हातात आहे’. दुसऱ्या बाजूला दैव, योगायोग, बडी माणसं, सगळं एकाच पोत्यात.

तुर्कीत हे पोतं फाटतं. ‘शान्स’ म्हणजे लॉटरीतलं नशीब, ‘कादेर’ म्हणजे देवाने लिहिलेलं. आणि ‘नासिप’ तर आपल्या ‘नशीब’चंच सख्खं भावंड, दोघांचं मूळ अरबी. पोरगी वर्षभर घासून परीक्षेला बसते आणि ‘नासिपसे ओलुर’, म्हणजे नशिबात असेल तर होईल, म्हणते. ती काही हातपाय गाळून बसलेली नाही. तिला ‘बाह्य’ रकान्यात टाकलं की मोजमाप गंडलंच.

म्हणून तुर्की मानसशास्त्रज्ञ इहसान दाग (उच्चारात ग मुका) यांचा रस्ता मला पटतो. १९९१मध्ये त्यांनी रॉटरची प्रश्नावली तुर्कीत आणली, पण तिथेच न थांबता २००२मध्ये ४७ वाक्यांची स्वतःची मोजपट्टी बांधली. तिच्यात नशिबावरचा विश्वास वेगळा, दैववाद वेगळा, ‘धडपडून उपयोग नाही’ हेही वेगळं.

एक किरकोळ, पण छळणारी गोष्ट: तुर्कीत नकार क्रियापदाच्या पोटात लपतो. ‘इनानियोरुम’ म्हणजे मानतो, ‘इनानमियोरुम’ म्हणजे मानत नाही. अशा नकारार्थी वाक्यापुढे ‘असहमत’वर खूण करताना घाईतला माणूस हमखास घसरतो.